जमिनीतून येणारी गाडी

माझ्या नणंदेच्या वर्गात मी एकटीच होते. ती जळगावला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जात असे, आणि तिथे घ्यायचा प्रत्येक पाठ आधी घरी माझ्यावर घेऊन बघत असे. मी चौथी झालेली. तिचे पाठही बहुतेक चौथी-पाचवीचेच असत. ती म्हणायची, "वहिनी, माझ्यासाठी तुमच्यासारखा विद्यार्थी नाही." मी पोळ्या लाटत असायची, नाहीतर दळण निवडत असायची. ती भिंतीच्या खिळ्याला गुंडाळी फळा अडकवायची, पदर खोचायची आणि एकदम परक्या माणसाचा आवाज काढून विचारायची, "मुलांनो, काल आपण काय शिकलो?" मुलांनो म्हणजे मी.

आम्ही सावद्याच्या स्टेशनाजवळ राहत होतो. गाव तिथून लांब. माझे यजमान एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. केळीचे घड वॅगनीत नीट भरून घ्यायचे, मध्ये पाला घालायचा, दारं लावून घ्यायची, हे त्यांचं काम. त्यामुळे घर रुळाला लागून घेतलेलं. अंगण संपलं की तारेचं कुंपण आणि पलीकडे लगेच खडी. घरात सासूबाई, हे, मी, नणंद आणि माझी मुलगी. मुलीला पाचवं वर्ष लागलं होतं आणि ती अजून बोलत नव्हती.

हसायची मोठ्यानं. रागावली की किंचाळायची. पण शब्द म्हणून नव्हता. सासूबाईंना त्याचं काही वाटत नसे. "तिचा बाप बी उशिरानंच बोलला," त्या म्हणायच्या. "बोलीन तेही. तुले काय घाई हाये?" मला घाई होती, पण मी सांगत नव्हते. चार माणसांत बोलायची मला कधीच सवय नव्हती. माहेरी मोठ्या भावंडांत मी मागे उभी राहणारी, आणि सासरी आल्यावर तर दाराआडची जागा मला आवडूनच गेली होती.

तिला ऐकू येत नसेल असं आमच्यापैकी कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याला कारण होतं. अंगणात मातीचे लाडू करत बसलेली ही पोर मध्येच मान वर करायची आणि कुंपणाकडे धावायची. आम्हाला काहीच ऐकू आलेलं नसायचं. मग थोड्या वेळानं भुसावळकडून धूर दिसायचा आणि गाडी यायची. हे रोजचं होतं. मालधक्क्यावरच्या हमालांनी तिचं नाव स्टेशनमास्तरीण ठेवलं होतं. सिग्नल पडायच्या आधी हिला कळतं, असं ते म्हणायचे आणि खरोखरच ती धावली की विड्या विझवून उठायचे. अशा मुलीला बहिरी कोण म्हणेल? मी हाक मारली आणि ती आली नाही की आम्ही म्हणायचो, ऐकू येतं पण ऐकायचं नाही तिला. हट्टी आहे, असं साऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

नणंदेच्या अभ्यासात मानसशास्त्र म्हणून एक विषय होता. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं, ही एखादी पोथी असावी. ती मोठ्यानं वाचत यायची, मी ऐकत राहायची. अवधान म्हणजे लक्ष. प्रेरणा म्हणजे आतून वाटणं. सवय कशी लागते, विसर का पडतो. मला हे सगळं ओळखीचं वाटायचं, फक्त त्याला नावं आहेत हे नवीन होतं. मला कधी कधी रडू का येतं, त्यालाही पुस्तकात नाव असेल, असं वाटून जायचं. पण विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र विचारली. पुस्तकात होतं की मूल भाषा अनुकरणानं शिकतं, भोवतालची माणसं बोलतात तसं बोलायला बघतं. मी लाटणं थांबवून म्हटलं, "मग आपली का नाही शिकत, ताई?" तिनं पुस्तकाची पानं मागे-पुढे केली. मग म्हणाली की त्याला व्यक्तिभेद म्हणतात, कोणतीही दोन मुलं सारखी नसतात, कोणी लवकर चालतं, कोणी उशिरा बोलतं. तो शब्द मला फार बरा वाटला. काही दिवस मी तो मनातल्या मनात म्हणत होते.

इतिहासाचा पाठ तिनं घरातल्या वस्तूंवर घेतला. जुनं कसं कळतं, तर साधनांवरून. भांडी, नाणी, पडकी देवळं ही एक तऱ्हा. लिहून ठेवलेलं ही दुसरी. आणि आजीनं आईला, आईनं मुलीला सांगितलेलं ही तिसरी. तिनं सासूबाईंचा नाव घातलेला तांब्या पुढे ठेवला, जात्यावरची एक ओवी म्हणायला मला लावलं. माझा आवाज निघेना, तेव्हा सासूबाईच आतून म्हणू लागल्या आणि आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली की ज्या काळातलं लिहिलेलं काहीच नाही, सांगणाराही कोणी उरला नाही, तो इतिहासाच्या आधीचा काळ. माझी मुलगी तेव्हा तांब्यात हात घालून आतलं पाणी ढवळत होती.

पृथ्वीच्या अंतरंगाचा पाठ आला तेव्हा पुस्तकात अंडं घ्यायला सांगितलं होतं: कवच, पांढरं, पिवळं. आमच्या घरात अंडं येणं शक्य नव्हतं. नणंदेनं बाजारातून मोठी बोरं आणली. साल म्हणजे आपण चालतो ते कवच, गर म्हणजे त्याखालचं प्रावरण, आणि आठोळी म्हणजे गाभा. आपली काळी माती ही खालच्या तापलेल्या रसाची झाली आहे, तो भेगांतून वर आला, थरावर थर पसरला आणि थंड झाला. मी त्या काळ्या मातीतच लहानाची मोठी झाले होते. उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडायच्या की आम्हा मुलींचे पाय त्यांत अडकायचे. ती कधी आग होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाठ संपेपर्यंत मुलीनं पृथ्वी खाऊन टाकली आणि आठोळी माझ्या हातावर ठेवली.

त्या हिवाळ्यात कोयनेकडे भूकंप झाला. जिकडेतिकडे तेच बोलणं. ट्रेनिंग कॉलेजात नणंदेला भूकंपावरच पाठ दिला. तिच्या बाईंचं एक सांगणं असायचं, मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करा आणि माहीत नसलेल्याकडे न्या. तिनं फळ्यासमोर उभी राहून मला विचारलं, "मुलांनो, गाडी येते तेव्हा फळीवरच्या ताटल्या का वाजतात?" मी म्हटलं, हादरा बसतो म्हणून. ती खूष झाली. हादरा जमिनीतून येतो, म्हणाली, पाण्यात खडा टाकला की वलयं निघतात तशा लाटा जमिनीतून जातात. आणि ते दाखवायला तिनं फरशीच्या एका टोकाला पाण्यानं भरलेलं ताट ठेवलं, दुसऱ्या टोकाला बसून वरवंटा आपटला. पाणी थरथरलं.

मुलगी आमच्याकडे पाठ करून केळीच्या वाळलेल्या पानाची बाहुली बांधत होती. तिनं वळून पाहिलं.

"बघा, हिचंसुद्धा अवधान आहे," नणंद म्हणाली. तिनं पुन्हा आपटलं, मुलगी पुन्हा वळली आणि हसली. तिला तो खेळ वाटला. मग ती पुन्हा बाहुलीकडे वळल्यावर नणंदेनं, वर्गात करतात तशी, इकडे लक्ष द्या म्हणून जोरात टाळी वाजवली. अगदी तिच्या मागे. मुलगी बाहुलीला लुगडं नेसवत राहिली.

नणंदेनं दुसरी टाळी वाजवली. मग ती उठली, देवघरातली घंटा घेऊन आली आणि मुलीच्या कानामागे वाजवली. सासूबाई बाहेर गेल्या होत्या, नाहीतर भलत्या वेळी घंटा वाजवली म्हणून त्या ओरडल्या असत्या. मुलगी पानाची शीर दातानं तोडत होती. नणंदेचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही हाक मारा." मी मारली. पुन्हा मारली. माझाच आवाज मला कसासा वाटला. मग नणंदेनं हळूच वरवंटा टेकवला, आपटलासुद्धा नाही, नुसता टेकवला. आणि माझी मुलगी लगेच वळून हसली.

दुपारच्या गाडीची वेळ होत आली होती. नणंदेनं मुलीला उचलून अंगणातल्या बाजेवर बसवलं, पाय वर घेऊन, आणि हातात बाहुली दिली. आम्ही दाराशी उभ्या राहिलो. लांबून शिटी आली. मुलीनं मान वर केली नाही. चाकांचा आवाज आला, ताटल्या वाजू लागल्या, आणि ती बाहुलीला झोपवत होती. इंजिन डोळ्यांपुढे आलं तेव्हा दचकून उठली आणि बाजेवरून उडी टाकून कुंपणाकडे धावली. उशीर झाला म्हणून ती रडली. इतक्या दिवसांत तिचा गाडीला कधी उशीर झाला नव्हता.

"तिला गाडी ऐकू येत नाही," नणंद म्हणाली. "तिला ती पायातून कळते."

आम्ही तिला भुसावळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत. नणंदेनं तिच्या कॉलेजातल्या बाईंना विचारलं. बाईंना माहीत होतं, धुळ्याला अशा मुलांची एक शाळा आहे, तिथे ओठ बघून, गळ्याला हात लावून बोलायला शिकवतात. पण मूल लहान असतानाच न्यायला हवं. वय वाढलं की जीभ वळत नाही. नणंद हे सांगताना एवढी भरभर बोलत होती, जणू उद्याच निघायचं आहे. मला वाटलं, खरंच उद्या निघू. मी मुलीचे दोन फ्रॉक धुवून ठेवले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवला, डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आधी इचे हात पिवये होऊ दे. मंग धुयाले न्या का मुंबईले न्या." इचे म्हणजे नणंदेचे. त्यांचं म्हणणं असं की घरात एक मुकी पोर आहे हे कळलं तर लोक रक्तात दोष आहे म्हणतील आणि नणंदेला कोणी करून घेणार नाही. शाळेत घातलं की गावाला कळणारच. तोवर हमालांची स्टेशनमास्तरीण आहे तशीच राहू दे.

मी ह्यांना म्हटलं. माझ्या मानानं मी पुष्कळ बोलले. हे म्हणाले, माय म्हणते त्यात खोटं काय आहे, एखाद्या वर्षाचा तर प्रश्न आहे. नणंद मात्र भांडली. मला लग्नच करायचं नाही, म्हणाली, आधी पोरीला न्या. तेव्हा सासूबाईंनी अन्न सोडलं. त्या भांडल्या नाहीत, रागावल्या नाहीत, नुसत्या ताटावरून उठून भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नणंदच ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसली. आधी लग्न, मग धुळं, हे तिथेच ठरलं. तिची परीक्षा जवळ आली होती. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. मानसशास्त्राच्या बाईंना एका मुलाचा अभ्यास करून दाखवायचा होता, त्यासाठी तिनं घरातली मुलगी सोडून मालधक्क्यावरच्या एका हमालाचा धाकटा घेतला.

स्थळ आलं ते नेमकं धुळ्याचं. मुलगा शाळेत मास्तर होता. सोबत त्याचे वडील आले, त्यांना सगळे आबा म्हणत. उंच, मोकळे गृहस्थ, आल्या आल्या चपला काढून भिंतीला टेकून बसले. मुलीला त्या दिवशी शेजारणीकडे ठेवायचं होतं, पण शेजारीण आयत्या वेळी माहेरी गेली. म्हणून मी तिला मागच्या खोलीत बाजेवर बसवलं, पाय वर घेऊन. पुढ्यात मुरमुरे ठेवले, नणंदेचे जुने तक्ते ठेवले, त्यांतली चित्रं तिला आवडत. बाजेवर का बसवलं ते माझं मला माहीत होतं आणि नणंदेला माहीत होतं.

नणंद चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि मी दाराआड उभी राहिले. आबा तिला विचारत होते, कोणत्या इयत्तेला शिकवायला आवडेल. तेवढ्यात माझ्या मागून काहीतरी गेलं. मुरमुरे संपले असतील, नाहीतर कंटाळा आला असेल; ती बाजेवरून उतरली होती. ती बैठकीतून, पाहुण्यांच्या मधून, सतरंजीवरून अनवाणी धावत दारात जाऊन उभी राहिली आणि भुसावळकडे बघू लागली.

आबा म्हणाले, काय झालं पोरीला? मग लांबून शिटी आली. ताटल्या वाजल्या. गाडी आली आणि गेली.

आबांना इतकं हसू आलं. ते आपल्या मुलाला म्हणाले, "आमले गाडी आइकू उनी नही, अन् इले आइकू उनी. पोर हुशार शे."

नणंद ट्रे धरून उभी होती. कप एकमेकांवर किणकिणत होते, आणि आता गाडी तर निघून गेली होती. तिनं दाराआड माझ्याकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "व्हय, कान तिखट हायेत तिचे." आबांनी मुलीला जवळ बोलावलं, म्हणजे हात पुढे केला, म्हणून ती गेली. त्यांनी नाव विचारलं. ती त्यांच्या मिशांकडे बघून हसली. पुन्हा विचारलं. ती हसली.

"लाजरी शे," आबा म्हणाले.

"मायवर गेली," सासूबाई म्हणाल्या. "तिची माय बी तशीच. चार मानसांत तोंड उघडत नाई."

सगळे हसले. मी दाराआड होते आणि तोंड उघडलं नाही, त्यामुळे ते सगळ्यांना खरंच वाटलं.

लग्न झालं. नणंद धुळ्याला गेली, तिला तिथल्याच एका शाळेत नोकरी लागली. सासूबाईंनी आपला शब्द पाळायचा म्हणून विषय काढला, पण आता अडचण निराळीच झाली होती. शाळा धुळ्याला आणि नणंदेचं सासरही धुळ्याला. मुलीला तिथे ठेवायचं म्हणजे आबांना सांगायचं, आणि आबांना सांगायचं म्हणजे त्या दिवशीचं हसणं परत घ्यायचं. एखादं वर्ष जाऊ दे, नणंदेचं बस्तान बसू दे, असं हे म्हणाले. मग तिला दिवस गेले. बाळंतपण होऊ दे, असं ठरलं. नणंदेची पत्रं यायची, त्यांत मुलीबद्दल एकच ओळ असायची: तिला माझा पापा द्या.

त्या काळात मी तिला शिकवायला बघितलं. माझ्याकडे नणंदेचे तक्ते होते आणि तिच्या बाईंची ती रीत होती. माहीत असलेल्यापासून सुरुवात करायची. मी पाणी दाखवायची, मग पाण्याचं चित्र दाखवायची, मग पाटीवर पाणी लिहायची. ती पाणी हा शब्द सुंदर काढायची, माझ्याहून वळणदार, पण ते तिला नक्षीसारखं होतं. त्याचा तांब्यातल्या पाण्याशी काही संबंध आहे, हे तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. वस्तूला नाव असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. ते कोणत्या माहीत असलेल्या गोष्टीपासून शिकवायचं, हे चौथीत नव्हतं आणि मी ऐकलेल्या पाठांतही नव्हतं.

मला सगळ्यांत अवघड जायचं ते काल आणि उद्या शिकवणं. आत्या गेली, परत येणार आहे, हे तिला कसं सांगायचं? नणंद गेल्यावर ती कितीतरी दिवस गुंडाळी फळ्याच्या खिळ्याखाली जाऊन बसायची. तिच्या आत किती साठलं असेल, पण सांगणारं कोणी नाही आणि लिहिलेलं काही नाही. इतिहासाच्या आधीचा काळ, असं नणंद म्हणाली होती. मी माझ्या मुलीकडे बघायची आणि मला वाटायचं, ही एकटी तिकडे आहे आणि आम्ही सगळे इकडे.

नणंद बाळंतपणाला आली. बाळ थोडं मोठं झाल्यावर आबा स्वतः न्यायला आले. मुलीला तेव्हा नववं वर्ष लागलं होतं. ओट्यावर पाय सोडून बाळाचं अंगडं उन्हात धरून बसली होती. आबांनी तिच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या. ते मागून आले, हाक मारली, पुन्हा मारली. पाय सोडलेले, जमिनीला टेकत नव्हते. ते तिच्या मागे उभे राहिले, जरा वेळ. मग पुढे जाऊन तिच्या हातात बांगड्या घातल्या.

जेवण झाल्यावर ते ह्यांना म्हणाले, "पोरले आइकू येत नही ना?"

ह्यांनी मान खाली घातली. आबांनी विचारलं, आम्ही पाहायला आलो तेव्हाही असंच होतं का? सासूबाई उठून आत आल्या. तेव्हा नणंदच बाळाला घेऊन बाहेर गेली आणि म्हणाली, "होय आबा. मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं."

मला वाटलं, आता ते नणंदेला इथेच ठेवून जातील. सासूबाई इतकी वर्षं ज्याला भ्यायल्या ते आता होईल. पण आबा रागावले नाहीत. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "आमना घरना मांगेच शे ती शाळा. पोरं रोज दारसमोरथीन जातस." आणि म्हणाले, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी त्याच दिवशी सोबत घेऊन गेलो असतो. आणि पुन्हा सुपारी कातरू लागले, पण ती कातरून संपलेली होती.

सासूबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. त्यांनी कोणाचं वाईट व्हावं म्हणून काही केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दोन पोरींपैकी एकीला आधी वाचवावं असं त्यांना वाटलं. वाचवायची गरज नव्हती, हे कोणालाच माहीत नव्हतं.

धुळ्याच्या शाळेतल्या बाई दयाळू होत्या. त्यांनी मुलीच्या गळ्याला हात लावला, तिचा हात स्वतःच्या गळ्याला लावला, आरसा दाखवला, ओठांच्या हालचाली करून घेतल्या. मग सांगितलं की लिहा-वाचायला येईल, खुणांनी बोलेल, शिवणकाम शिकेल. बोलणं आता कठीण आहे. "चार-पाच वर्षांची असताना आणली असती तर," असं म्हणून माझ्याकडे बघितलं आणि वाक्य पुरं केलं नाही. मी मान हलवली, जणू त्यांनी ते पुरं केलं होतं.

तिला तिथे ठेवून निघताना मी दारातून वळून बघितलं. ती उकिडवी बसली होती आणि फरशीवर तळहात टेकवून वाट बघत होती. तिथून स्टेशन लांब होतं. त्या फरशीतून काही येत नव्हतं. ती हात उचलून दुसऱ्या जागी टेकवी, मग तिसऱ्या. आबा मला एसटीवर सोडायला आले होते, म्हणून मी रडले नाही.

सुट्टीत ती घरी यायची ती हात चालवत. तिचे हात इतके भरभर बोलू लागले होते की मला त्यातलं काही कळत नसे. नणंद थोडं शिकली, आबांना तर बरंच येत होतं म्हणे. सासूबाईंनी आपली युक्ती काढली. त्या काठी जमिनीवर आपटायच्या आणि ती जिथे असेल तिथून यायची. शेवटच्या आजारपणातही त्यांचा हात काठीवरच असायचा.

माझ्याकडे पाटी होती. तिला लिहिता येऊ लागलं होतं, थोडं, तुटक. मला चौथीपुरतं येत होतं. आम्ही मायलेकी पाटीवर बोलू लागलो. पाणी आता नुसती नक्षी राहिली नव्हती. भूक, भाजी, उद्या, आत्या. काल हा शब्द तिनं पहिल्यांदा बरोबर लिहिला तेव्हा मी पाटी पुसूच दिली नाही, दिवसभर तशीच ठेवली.

ती चौदा-पंधरा वर्षांची असताना एका मे महिन्यात आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. तिनं जमिनीवर पाय टेकवले आणि माझ्याकडे बघून भुसावळकडे बोट केलं. गाडी येते आहे. मला काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं, आणि मी मान वर केली. तिनं ते बघितलं. तिनं पाटी ओढून लिहिलं: गाडी तू कशी?

मी लिहिलं: आवाज.

तो शब्द तिला शाळेत दिलेला होता. तिनं तो बोटानं दाखवला आणि खाली लिहिलं: कसा?

मी पेन्सिल धरून बसले. माहीत असलेल्यापासून सुरुवात करायची. गाडी समोरून गेली, केळीच्या वॅगनी एकामागून एक, आणि मला एकही ओळ सुचली नाही. मग तिनंच माझ्याकडे हात पुढे केला आणि शाळेतल्या बाई करतात तसा तळहात माझ्या गळ्यावर ठेवला. वाट बघत राहिली.

मी बोलले. आधी हळू, मग मोठ्यानं. आबा पाहायला आले त्या दिवशी दाराआडून जे बोलायला हवं होतं ते सगळं बोलले, इतक्या मोठ्यानं की मालधक्क्यावरच्या एका हमालानं वळून बघितलं. तिचे डोळे माझ्या ओठांवर नव्हते. ती आपल्याच हाताकडे बघत होती. मग दुसऱ्या हातानं तिनं पाटीवर लिहिलं: गाडी.

मी काय बोलले ते तिला कळलं नाही. ते मी इथे लिहून ठेवलं आहे. तिला आता नीट वाचता येतं. अजून दाखवलेलं नाही.